पिपरबोडीचं तुडूम

सोनबर्डीच्या जुन्या माणसांना पिपरबोडीबद्दल सहज म्हणूनही विचारू नये. विचारलंच, तर हातातलं काम बाजूला ठेवून बसावं लागतं. आधी बोडीतल्या कमळांची गोष्ट येते, मग तिथल्या मरळ माशाची, मग कुणाच्या तरी लग्नात अख्खं वऱ्हाड बोडीच्या पाळीवर कसं उतरलं होतं त्याची. आणि बोडी बुजली कशी, हे विचारेपर्यंत दिवेलागण होते. तेवढ्यावर माणसं धोतर झटकून उठतात. ती गोष्ट कुणाला सांगायची नसते. सांगायची तर केवलराम डोंगरवारपासून सुरुवात करावी लागते, आणि केवलरामबद्दल वाकडं बोलायला त्यांची जीभ रेटत नाही.

माझी रेटते, म्हणून मी सांगतो. पण त्याच्यावर माझा राग आहे असं मात्र कुणी समजू नये.

सोनबर्डी गोंदियाहून गाडीनं दोन स्टेशनांवर. चार राइस मिल, एक बाजार, आणि नव्यानं मिळालेली म्युनिसिपालटी, जिला सगळे कमेटी म्हणत. गावाच्या उत्तरेला पिपरबोडी. बोडी म्हणजे लहान तलाव. आमच्या भागात तलाव बांधावेत ते कोहळी जातीच्या माणसांनी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मालगुजारानं, म्हणजे गावाच्या जमीनदारानं, केवलरामच्या बापाला, सुखरामला, नवेगावकडून मुद्दाम बोलावून आणलं. सुखरामनं पहिला सबंध पावसाळा फावडं उचललंच नाही. डोक्यावर मोरा, म्हणजे इरलं, घेऊन तो नुसता उतारावरून फिरायचा, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघायचा. मालगुजारानं चिडून विचारलं, की तुला पोसतो आहे तो कशासाठी? सुखरामनं सांगितलं, पाण्याला विचारून राहिलो. दुसऱ्या साली त्यानं पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली, आणि ती पाळ पुढं साठ वर्षं इंचभर सरकली नाही.

पाळीच्या पोटात त्यानं तुडूम बसवलं. तुडूम म्हणजे बोडीतलं पाणी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, सोडायची दगडी मोरी. तिच्या तोंडाला एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. जेवढं पाणी हवं तेवढे दट्टे काढायचे. दसऱ्याच्या सुमाराला धान पोटरीत आलं की एकेक दट्ट्या निघायचा आणि खालची वावरं गळ्यापर्यंत पाणी प्यायची. पण खरी मजा चैतात. उरलंसुरलं पाणी तेव्हा तळाचा दट्ट्या काढून सगळंच सोडून देत.

त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल वेळेवर पेटली असेल तर शपथ. सुखराम कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा, तुडुमाला कुंकू लावायचा आणि बुडी मारून दट्ट्या उपसायचा. पाळीपलीकडं पाण्याचा लोट बाहेर पडला की बायका हसायला लागायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग पाच-सहा दिवसांनी ढिवरांची जाळी पडत. मरळ, वाघूर, बोटभर कोतऱ्या. आणि रीत अशी, की जाळ्यातला पहिला मासा पळसाच्या पानात गुंडाळून दट्ट्या काढणाऱ्याच्या दारात न्यायचा. मोल नाही, मागणं नाही. बोडी सुकली की गाड्या जुंपून गाळ वावरात जायचा. महिनाभर ऊन खाऊन तळाला भेगा पडायच्या, त्या भेगांत पोरींच्या बांगड्या हरवायच्या. असं दर साली. म्हणून त्या पाण्यात कमळं फुलायची आणि तळातलं नाणंसुद्धा दिसायचं.

सुखराम थकला तशी बुडी मारायची पाळी केवलरामवर आली. तो बापासारखाच धिप्पाड आणि हातानं बापापेक्षाही साफ होता. चुना, सुरखी, गूळ आणि बेलफळ मळून त्यानं जोडलेला दगड सब्बलीनं हलत नसे. या गुणाचं पुढं काय झालं ते येईलच.

मालगुजारानं सत्तेचाळीसच्या आधीच खालची वावरं विकायला काढली होती. एका बांध्यात राइस मिल झाली, दुसऱ्यात घरांचे प्लॉट पडले. सत्तेचाळीसच्या चैतात बोडी सोडली तेव्हा ते पाणी प्यायला खाली एकही वावर उरलं नव्हतं. ते उगाच रस्त्याकडेच्या पाटानं नाल्याला गेलं. आणि मोहल्ल्यातल्या बायका वैशाखात मैलभर दूरच्या विहिरीवर धुणी घेऊन जात राहिल्या. एका दुपारी दहा-बारा जणी केवलरामच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. शेतीला पाणी नको, तर मग ते सोडता कशाला? बाराही महिने भरलेली राहील असं काही करता येत नाही का?

येतं, केवलराम म्हणाला. कोहळ्याच्या पोराला पाणी राखायला सांगणं म्हणजे काय सांगावं? राखणं हे तर त्याच्या रक्तातच. बोडी सुकलेली होती तोवर त्यानं तुडुमाचे सगळे दट्टे काढून टाकले, आत चिरे बसवले, आणि आपल्या हातचा चुना भरून ते तोंड कायमचं लिंपून टाकलं. त्या पावसात बोडी काठोकाठ भरली. पंधरा ऑगस्टला पाळीवर झेंडा लागला, प्रभातफेरी तिथंच येऊन थांबली आणि मालगुजाराच्या हातून केवलरामला झेंडूचा हार मिळाला. अशा हाराचं ओझं लवकर उतरत नाही.

सुखराम काठी टेकत पाळीवर आला होता. त्यानं भरल्या बोडीकडं बघितलं, मग लिंपलेल्या तुडुमाची जागा होती तिकडं.

"कोंडलंस खरं," तो म्हणाला. "सोडशील कव्हा?"

"आता कायले सोडाचं, बाबा? खाली वावरच नाई."

म्हातारा काठी टेकत परत फिरला. केवलरामला वाटलं, बापाचा जमाना गेला म्हणून त्याला वाईट वाटतंय. दोन हिवाळ्यांनी सुखराम गेला. गेला तोवर तरी बोडीत कमळं होती.

पहिले दोन उन्हाळे तर बहारच. मे महिन्यात काठोकाठ पाणी, घाटावर धुण्यांचे धपाटे, आणि संध्याकाळी गार वारा. केवलराम कमेटीच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्याविरुद्ध कुणी अर्जच भरला नाही. तिसऱ्या साली पाण्यावर हिरवी साय धरली. चौथ्या साली कमळं आली नाहीत. मग मिलचा कोंडा उडून येऊन तरंगायला लागला, घरांच्या मोऱ्यांचं पाणी तिकडंच वळलं, आणि पूर्वी जे सगळं दर चैतात वाहून जायचं किंवा गाड्यांत भरून वावरात जायचं, ते तळाला थरावर थर बसत गेलं. पाचव्या साली वास सुटला. मग डास, मग घराघरात हिवताप. फडताळ उघडलं की आधी क्विनाइनची बाटली दिसायची.

केवलरामला कारण कळलं नव्हतं असं नाही. चौथ्या साली कमळं आली नाहीत त्याच दिवशी त्याला कळलं. पाणी राखायची विद्या त्याला येत होती. पण ती निम्मी विद्या होती, उरलेली निम्मी दर चैताच्या दट्ट्यात होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं चुन्यात गाडली होती. मग बोलला का नाही? बोलायचं म्हणजे तुडूम फोडायचं. फोडायचं म्हणजे, मी ते चुकून बांधलं, असं चार माणसांत म्हणायचं. ज्या गोष्टीसाठी हार मिळाला, मेंबरकी मिळाली, ती गोष्टच चूक होती म्हणायचं. दर साली तो मनाशी म्हणायचा, येत्या चैतात बघू. चैत यायचा आणि जायचा, आणि हा घरात बसून सुपारी कातरायचा.

पंचावन्न साल उजाडलं तेव्हा पिपरबोडीवरून जाताना माणसं नाकाला पदर नाहीतर गमछा लावत. हिवताप निवारणासाठी नागपूरहून कमेटीला ग्रँट मंजूर झाली. अट एकच, एकतीस मार्चच्या आत खर्च झाली पाहिजे. सॅनिटरी इन्स्पेक्टर आला, पाळीवरून एक चक्कर मारली आणि अहवाल लिहून गेला. ठराव तयार झाला: पिपरबोडी मिलची राख आणि मुरूम टाकून बुजवावी, वर नागरिकांसाठी बगीचा करावा; आणि पाळीवरच्या ढिवरांच्या सात झोपड्या हटवाव्यात, कारण मासे साफ करण्याच्या त्यांच्या रीतीमुळंच पाणी नासलं आहे.

कागद केवलरामच्या घरी आला तेव्हा सुभद्राबाई, त्याची बायको, धान पाखडत होती. त्यानं तो दोनदा वाचला आणि खिशात घातला. तिनं विचारलं नाही. तिला गेली पाच वर्षं सगळं माहीत होतं, आणि न विचारण्याची तिची एक पद्धत होती. सूप जरा जास्त जोरात आपटायचं.

दुपारी गंगा आली. ती त्या सातांपैकी एका झोपडीतली, चाळिशीची विधवा ढिवरीण. डोक्यावर पाटी घेऊन बाजारात मासे विकायची. आता बोडीत विकण्यासारखं फारसं काही निघत नव्हतं तरी जाळं टाकायची. तिच्या हातात कमेटीची नोटीस होती आणि तिला वाचता येत नव्हतं. केवलरामनं वाचून दाखवलं. ती ओसरीच्या कडेला टेकून ऐकत होती.

"मासे धुतल्यानं बोडी नासली म्हन्ते," ती म्हणाली. "काकाजी, माह्या सासऱ्यानं याच पान्यात जलमभर मासे धुतले. तवा तर कमळं होते. तुमी कोहळी मानूस. पान्यातलं तुमाले कळते. तुमी सभेत सांगा, का हे आमच्यानं नाई झालं."

केवलरामनं नोटीस घडी घालून परत दिली. सांगतो, असं म्हणाला. सूप आपटल्याचा आवाज आतून आला. गंगा गेल्यावर सुभद्राबाई बाहेर आली.

"तिनं तर अर्धंच सांगतलं तुमाले," ती म्हणाली. "कोनाच्यानं नाई झालं, ते. कोनाच्यानं झालं, ते कोन सांगन?"

सभा कमेटीच्या कौलारू हॉलमध्ये भरली. अध्यक्ष ईश्वरदासजी हे राइस मिलवाले, हिंदी बोलणारे, सज्जन माणूस. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना फक्त ग्रँट परत पाठवायची नव्हती. इन्स्पेक्टरनं अहवाल वाचला. मेंबरांनी माना डोलावल्या. आता हात वर करायचे, चहा प्यायचा आणि घरी जायचं, इतकंच काम उरलं होतं. ईश्वरदासजींनी रीत म्हणून विचारलं, किसी को कुछ कहना है? केवलराम उभा राहिला. त्या वॉर्डाचा मेंबर म्हणून तो ठरावाला पाठिंबा देईल आणि दोन शब्द कौतुकाचे बोलेल, असंच सगळ्यांना वाटलं.

तो खुर्ची सरकवून टेबलापाशी आला. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बोडी मी नासवली," तो म्हणाला. "ढिवरायनं नाई. सत्तेचाळीस साली तिचं तुडूम मी या हातानं लिंपलं. तवापासून तिच्यातलं पानी एक डाव बी बाहेर गेलं नाई. माह्या बापानं विचारलं होतं, सोडशील कव्हा म्हनून. मले तवा कळलं नाई. मंग कळलं, तं बोलाची लाज वाटली. आठ साल झाले."

ज्या मेंबरांनी त्या हारासाठी वर्गणी दिली होती ते पुढ्यातल्या कागदांकडं बघत राहिले. केवलरामचं बोलणं संपलं नव्हतं. मला दोन महिने द्या, तो म्हणाला. तुडूम मीच फोडतो. गाळ निघाला, ऊन लागलं, एक पावसाळा गेला, की बोडी पुन्हा पहिल्यासारखी होईल. कमेटीचा पैसा लागणार नाही.

शेवटचं वाक्य त्यानं मोठ्या आशेनं म्हटलं होतं. खरं तर सगळं बिघडलं ते त्याच वाक्यानं.

ईश्वरदासजींनी चहासाठी सभा थांबवली आणि केवलरामला हात धरून व्हरांड्यात नेलं. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांनी समजावलं, की ग्रँट हिवताप निवारणाची आहे, बोडी बुजवण्याच्या नावानं मागितली आहे. पैसा लागणार नाही अशा कामाला ग्रँट मिळत नसते. परत पाठवली, तर पुढच्या साली नागपूरवाले सोनबर्डीचा कागद उघडूनही बघणार नाहीत; मग बाजारातली नाली नाही, शाळेचं छप्पर नाही. झोपड्यांचं मात्र त्यांना पटलं होतं. ज्यांचा गुन्हा नाही त्यांची घरं पाडायला त्यांचंही मन घेत नव्हतं.

"झोपड़ियों वाली बात मैं प्रस्ताव से निकाल दूँगा," ते म्हणाले. "लेकिन केवलरामजी, बोडी के लिए पहला हाथ आपका उठना चाहिए। आपका उठा तो मोहल्ले में कोई झगड़ा नहीं करेगा।"

केवलरामनं व्हरांड्यातून पलीकडं बघितलं. तिथून बोडी दिसत नव्हती, पाळीवरचा पिंपळ तेवढा दिसत होता. सुखरामच्या पोरानं तलाव बुजवायला हात वर करायचा. मोडलेला तलाव दुरुस्त केल्याचे किस्से त्याच्या घराण्यात बक्कळ होते. बुजवल्याचा एकही नव्हता. पण पिंपळाखाली सात झोपड्या होत्या आणि त्यांतल्या एकीची नोटीस त्यानं कालच घडी घालून दिली होती.

आत गेल्यावर त्यानं हात वर केला. सगळ्यांत आधी. मग बाकीचे हात वर गेले. त्यानं एकच गोष्ट मागितली, की राख पडण्याआधी तुडूम त्याला फोडू द्यावं. ते आनंदानं मान्य झालं. पाणी उपसायच्या इंजिनाचं भाडं वाचत होतं.

माघ संपता संपता एका सकाळी केवलराम बोडीत उतरला. वय एकसष्ट. बरोबर ढिवर मोहल्ल्यातले दोघं. काळा चिखल मांडीपर्यंत, वरून पाणी छातीएवढं, आणि वास असा की पाळीवरच्या माणसांनी तोंडं फिरवली. चाचपडून जागा सापडली, सब्बल लागली, आणि मग तासामागून तास गेले. चिरा हलेना. केवलरामनं बांधलेलं होतं ते. कुणा ऐऱ्यागैऱ्यानं नव्हतं. ढिवरांतला एकजण दमून म्हणाला, काकाजी, थोडं कच्चं बांधलं असतं तं तुमचं काय जात होतं? तेव्हा पाळीवर हसू फुटलं, आणि केवलरामही हसला. सभेपासून पहिल्यांदाच हसला असेल.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा चिरा सुटला. पाळीपलीकडं आधी काळी पिचकारी उडाली, मग लोट. जुन्या बायका, ज्या पूर्वी हसायच्या, त्यांनी पदर नाकावरून काढला. पाणी पाटानं नाल्याकडं धावत होतं आणि केवलराम कुंकू लावायचं राहिलं म्हणून पाळीवरून परत खाली उतरत होता.

आठ दिवस बोडी वाहत होती. मोहल्ल्याला जुनी सवय आठवली. कुणी सांगितलं नसताना कामठ्याकडून गाळासाठी गाड्या आल्या. ज्या पोरींच्या बांगड्या तळाच्या भेगांत हरवायच्या त्या आता लेकुरवाळ्या बाया झाल्या होत्या, आणि लुगडं खोचून चिखलात काहीबाही शोधत होत्या. एकीला खरंच एक काचेची हिरवी बांगडी सापडली. ती तिची होती की नाही यावर दोन दिवस वाद चालला.

सुभद्राबाईनं त्या दिवसांत रोज सकाळी तवा घासून ठेवला. जाळी पडायचा दिवस आला तेव्हा केवलराम ओसरीवर बसून राहिला. ढिवरांची जाळी पडली आणि रिकामी वर आली. गोगलगायी निघाल्या, शेवाळ निघालं. एक मासा निघाला नाही. त्या पाण्यात माशांचा जीव केव्हाच घुसमटून गेला होता. संध्याकाळी गंगा रिकामी पाटी काखेला लावून त्याच्या दारावरून गेली. दारात ती थांबली, पण आत वळली नाही.

"घर वाचलं, काकाजी," ती म्हणाली. "पन आता खावं काय?"

सुभद्राबाईनं आत जाऊन तवा पालथा घातला.

आणि मग जे झालं ते झालं नसतं तर बरं, असं सोनबर्डीची माणसं अजून म्हणतात. फाल्गुनातल्या उन्हानं पंधरा दिवसांत तळ सुकला. भेगा पडल्या. वास गेला. आठ वर्षांचा वास, नेऊन टाकल्यासारखा गेला. डास गेले. संध्याकाळी माणसं त्या कोरड्या तळावर फिरायला जाऊ लागली, म्हातारे जुन्या कमळांच्या जागा दाखवू लागले. ज्यांनी बोडी बुजवा म्हणून कमेटीकडं अर्ज केले होते तेच वीस-पंचवीस जण ईश्वरदासजींच्या घरी गेले आणि बुजवू नका म्हणाले. ईश्वरदासजींनाही दिसत होतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. एकतीस मार्चला अकरा दिवस उरले होते. ते म्हणाले, केवलरामजी ने ही पहला हाथ उठाया था, भाई. त्यावर कुणी काय बोलणार? माणसं पायात वहाणा घालून परत आली.

दुसऱ्या दिवशी मिलच्या राखेच्या पहिल्या गाड्या पाळीवर चढल्या. स्वच्छ, कोरड्या, बऱ्या झालेल्या बोडीत राख पडत होती आणि केवलराम पिंपळाखाली उभा राहून बघत होता. निघून जाता आलं असतं. तो गेला नाही. एकतीस मार्चला शेवटची गाडी रिकामी झाली, तोवर तो रोज तिथं होता.

त्यानंतर तो निवडणुकीला उभा राहिला नाही. बगीचा झाला. चार लोखंडी बाक, मेंदीची कुंपणं, एक कारंजं, जे उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि पुन्हा कधी उडालं नाही. पण बोडीची जागा ती बोडीचीच. सुखरामनं सबंध पावसाळा फिरून शोधलेली. राख दबली, मध्ये खोलगट झाली, आणि दर आषाढात त्या बगीच्यात घोट्याच्या वर पाणी साचायला लागलं. कमेटी दर साली ठराव करायची, आणखी राख टाकायची, आणि दर साली पाणी तिथंच येऊन बसायचं. त्या खर्चाला बजेटात आता स्वतंत्र ओळच होती. सुभद्राबाई म्हणायची, बाप्पा, तुमच्या बापाची पाळ हाये, ते पान्याले का असंच सोडन.

साठ साल आलं. मे महिन्यात महाराष्ट्र झाला, बगीच्यात झेंडा लागला, भाषणं झाली. पंधरा ऑगस्टचा जुना झेंडा आठवणारे होते, पण त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. आषाढ लागला तसं नेहमीप्रमाणे पाणी साचलं. बाकांचे पाय बुडले, मेंदी पिवळी पडली, आणि त्या कोंडलेल्या पाण्याला चौथ्या दिवशी तो ओळखीचा वास यायला लागला.

केवलराम सहासष्टचा झाला होता. सकाळी त्यानं खांद्यावर फावडं टाकलं आणि बगीच्यात गेला. माळी धावत आला, कमेटीचा हुकूम विचारू लागला. केवलरामनं त्याला पलीकडच्या बाकावर बसायला सांगितलं, आणि तो का कोण जाणे, बसला. मग केवलराम मेंदीचं कुंपण ओलांडून पाळीच्या पोटाशी गेला. जागा त्याला शोधावी लागली नाही. पाण्याच्या कडेपासून तिथपर्यंत त्यानं हातभर रुंद चर खणायला घेतला. चार फावडी मारायची, उभं राहून दम घ्यायचा, पुन्हा चार मारायची. ऊन वर आलं तेव्हा राखेखाली जुना दगड लागला. तुडुमाचं उघडं तोंड. ते त्यानं फोडून ठेवलं होतं तसंच होतं, नुसती राख भरली होती. हातानं राख ओढून काढली, तसं चरातलं पाणी जरा घुटमळलं आणि आत शिरलं. पाळीपलीकडं, जुन्या पाटाच्या जागी आता रस्त्याची नाली होती, तिच्यात ते खळखळ उतरलं.

गंगा त्याच वेळी स्टेशनावरून येत होती. झोपडी तिची अजून पाळीवरच होती, पण मासे आणायला तिला आता पहाटेच्या गाडीनं तिरोड्याला आणि तिथून बोदलकशाच्या तलावावर जावं लागे. डोक्यावर पाटी, पायात चिखल. नालीतला आवाज ऐकून ती थांबली. पाळीवर चढून बघते तर म्हातारा चिखलात बसलेला.

"काकाजी, काय करून राहिले जी?"

"पानी सोडून राहिलो," तो म्हणाला. मग फावडं बाजूला ठेवून म्हणाला, "बाबानं विचारलं होतं, सोडशील कव्हा. लई दिवस झाले."

पाणी जाताना दोघंही बघत राहिली. बाकांचे पाय मोकळे झाले, मेंदीची बुडं दिसू लागली. मग तिनं डोक्यावरची पाटी खाली उतरवली, गोणपाट बाजूला केलं आणि चाळूनचाळून एक चांगली हातभर मरळ काढली. पिंपळाशेजारी पळसाचं एक झुडूप होतं. तिथली दोन रुंद पानं तोडली, मासा त्यात गुंडाळला, आणि पाटी पुन्हा डोक्यावर घेऊन ती बाजाराकडं न जाता डोंगरवारांच्या घराच्या वाटेला लागली.

आतून सुभद्राबाईनं दारात कोण आलं ते बघितलं, आणि तवा चुलीवर ठेवला.